दर दोन तासांनी कूस

अतिदक्षता विभागात खाटेच्या पायथ्याशी जे कागद लटकत असतात, त्यांत नातेवाइकांचं लक्ष नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यांच्याकडेच जातं. त्याच कागदांत एक रुक्ष रकाना असतो. सहा वाजता डावी कूस, आठला उताणा, दहाला उजवी, पुढे सिस्टरची सही. बेशुद्ध माणसाला आपणहून कूस बदलता येत नाही. मग माकडहाड, टाचा, खुबे यांवरची कातडी गादी आणि हाड यांच्यामध्ये चेपून राहते, तिथला रक्तपुरवठा थांबतो, कातडी लाल होते, काळी पडते आणि जखम थेट हाडापर्यंत उतरते. या रकान्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा ‘चूक कुणाची’ या वादाचा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये निकाल देऊन टाकला होता: अशी जखम झाली तर दोष सहसा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. पुढच्या दोन दशकांत पॅरिसचा नामवंत मज्जातंतुतज्ज्ञ शार्को याने नेमकं उलट मांडलं. पक्षाघातानंतर काही दिवसांतच पडणारी जखम ही मज्जासंस्थेच्या बिघाडाची खूण, मृत्यूची नांदी. दाबाशी तिचा संबंध नाही. शरीरक्रियातज्ज्ञ ब्राउन-सेकारने प्राण्यांवर प्रयोग करून दाब आणि अस्वच्छता यांकडे आधीच बोट दाखवलं होतं, पण शार्कोच्या नावाचा दरारा मोठा. मला शार्कोच्या मताची भीती वाटते ती त्याच्या सोयीस्करपणामुळे. जखम अटळच असेल तर रात्री दोनला उठून कुणाला वळवण्याची गरज उरत नाही. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक लवकरच मेले, ते मुख्यतः याच जखमांतल्या आणि मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने.

जखम अटळ असते हा समज मोडला तो 1944 साली. नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेले लुडविग गुटमन यांच्याकडे स्टोक मँडेव्हिल इथला मणक्याच्या जखमींचा विभाग आला. त्यांनी नियम घातला: प्रत्येकाला दर दोन तासांनी वळवायचं, दिवसा आणि रात्रीही. माणसं वळवणाऱ्या तुकड्या नेमल्या आणि काम होतंय की नाही यावर स्वतः बारीक नजर ठेवली. मरणार म्हणून सोडून दिलेली पोरं जगू लागली. त्यांच्यासाठी 1948 साली भरवलेल्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. दोनच तास का, याचं चोख शास्त्रीय उत्तर मात्र तेव्हा नव्हतं आणि आजही सगळ्यांना लागू पडेल असं नाही. गादी कोणती, कातडी कशी, रक्तदाब किती, यावर ते ठरतं.

जखमा टाळायला परिचारिका मात्र अजून कातडीवर स्पिरिट चोळत होत्या, वर पावडर. आपल्याकडे घरोघरी आजही हेच चालतं. 1962 साली डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेपांचा, मलमांचा खास उपयोग दिसला नाही. नेमाने वळवण्याचा दिसला. जखमेचा धोका आधीच ओळखण्यासाठी तिने पाच बाबींची गुणपट्टी दिली: शरीरस्थिती, मनःस्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. लाल झालेल्या जागी चोळू नये, हे आता सर्वमान्य आहे. डॉक्टरांच्या वादात परिचारिकेने मोजमाप करून घातलेली ही भर आहे.

मुंबईत या रकान्याचा सर्वांत अवघड अध्याय लिहिला गेला. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला. त्यानंतर मे 2015 पर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. इतक्या वर्षांत पाठीला एकही जखम नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं, निष्क्रिय दयामरणाची वाट तत्त्वतः मोकळी केली आणि अरुणांसाठी केलेली दयामरणाची मागणी फेटाळली. निकोप कातडी ही शुश्रूषेची साक्ष आहेच. पण त्या जगण्याला अरुणांचा होकार होता का, याची साक्ष ती देऊ शकत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये, असं मला वाटतं. 2018 साली न्यायालयाने उपचारांबाबतच्या आगाऊ इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली. तरी व्हेंटिलेटर काढायचं ठरलं म्हणून सिस्टरचं काम संपत नाही. अखेरच्या तासांत वळवताना रुग्ण कण्हत असेल तर दोन तासांचा नियम बाजूला ठेवून फक्त आराम पाहायचा, हेही तिलाच आधी कळतं.

कोविडमध्ये वळवणं हाच उपचार झाला. रुग्णाला रोज निदान सोळा तास पालथं ठेवल्याने फुप्फुसाच्या गंभीर आजारातले मृत्यू घटतात, हे 2013 च्या एका फ्रेंच चाचणीने दाखवलं होतं. पालथं करायला पाच-सहा जण लागतात. एक जण फक्त डोकं आणि श्वासनलिकेतली नळी धरून उभा, हुकूम त्याचाच. बाकीचे चादरीची टोकं पकडून. नळी निसटली तर काही मिनिटांत खेळ खलास. आणि पालथ्या माणसाच्या गालावर, हनुवटीवर नव्याच जखमा.

आता या तक्त्यातली खोटी नोंद. रात्रपाळीत रुग्ण जास्त, हात कमी, की ‘दोन वाजता उजवी’ हे पहाटे सहाला एकदमच लिहिलं जातं. सही खरी, कूस खोटी. हा अपराधच आहे, पण तो एकट्या सिस्टरचा धरणं म्हणजे नाइटिंगेलचं वाक्य सोयीपुरतं वापरणं. मणक्याला इजा नसली तरी बेशुद्ध माणसाला नळ्यांसकट नीट वळवायला किमान दोन माणसं लागतात, आणि ती नेमणं प्रशासनाच्या हाती असतं.

म्हणून भेटीच्या वेळेत आत गेलात की ऑक्सिजनच्या आकड्यानंतर टाचा आणि पाठ पाहा, शेवटची कूस कधी बदलली ते विचारा. रकाना रिकामा दिसला तर सिस्टरवर ओरडण्याआधी, या पाळीत तिच्याकडे किती खाटा आहेत तेही विचारा, आणि तो आकडा घेऊन अधीक्षकांकडे जा.