कर्ण्याचा ध्वनिक्षेपक : मैदानापासून दिवाणखान्यापर्यंत (सीताबर्डी, नागपूर परिसराच्या विशेष संदर्भात)

ध्वनिपुनर्निर्मितीच्या इतिहासात कर्ण्याचा उल्लेख बहुधा एक कालबाह्य वस्तू म्हणून केला जातो. प्रथम फोनोचे पितळी फूल, नंतर सभेतील भोंगा आणि शेवटी अडगळ, असा हा क्रम सांगितला जातो. तो अपुरा आहे. अल्प शक्तीत अधिकाधिक ध्वनी मिळविण्याची निकड जेथे निर्माण झाली तेथे कर्णा आला, आणि ही निकड नागपूरसारख्या सभांच्या शहराला चांगलीच परिचित होती.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. विजयराघवाचारी अध्यक्ष होते. असहकाराचा ठराव येथेच कायम झाला. सीताबर्डीच्या दक्षिणेस, पुढे काँग्रेसनगर या नावाने ओळखल्या गेलेल्या भागात चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले होते. वक्त्याजवळ साधन एकच होते, ते म्हणजे स्वतःचा गळा. अमेरिकेत मात्र १९१९ मध्येच अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगो येथे मॅग्नाव्हॉक्सच्या विद्युत्-कर्ण्यांतून हजारोंच्या समुदायापुढे भाषण केले होते.

कर्ण्याचे कार्य समजून घेतल्याशिवाय त्याचा इतिहास उलगडत नाही. ध्वनिक्षेपकाचा पडदा जड असतो, हवा अतिशय हलकी. पडदा उघड्या हवेत हलला तर त्याला पुरेसा विरोधच मिळत नाही आणि दिलेल्या विजेपैकी शेकडा एक किंवा त्याहूनही कमी भागाचा ध्वनी होतो. अरुंद गळ्यातून हळूहळू रुंदावत जाणारी नळी पडद्यापुढे ठेवली की हवेचा भार पडद्यावर येतो आणि हेच प्रमाण शेकडा वीस-तीसपर्यंत जाऊ शकते. हाना आणि स्लेपियन यांनी १९२४ मध्ये या रचनेचे गणित मांडले. तत्कालीन निर्वात नलिकांचे ध्वनिवर्धक मोजक्या वॅटचे असत. म्हणूनच बोलपटांच्या आरंभी चित्रपटगृहांनी कर्णा स्वीकारला. तो चैनीचा भाग नव्हता.

भारतात राजकीय सभांना हे साधन पुरविण्याचे श्रेय प्रामुख्याने मोटवाने यांच्या शिकागो रेडिओकडे जाते. १९३१ च्या कराची अधिवेशनात त्यांची यंत्रणा होती. नागपूरच्या दृष्टीने अधिक बोलका प्रसंग १९५६ चा आहे. १३ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात वार्ताहरांशी संवाद साधला. त्या खोलीत मानवी आवाज पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर लाखोंचा समुदाय होता आणि बावीस प्रतिज्ञा सर्वांनी मागोमाग उच्चारावयाच्या होत्या. येथे आवाज पोहोचून भागणार नव्हते, शब्द पोहोचणे आवश्यक होते. ध्वनिक्षेपकाविना ते अशक्यच. सभेचा घडीचा कर्णा सुमारे तीनचारशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो, परंतु व्यंजनांची स्पष्टता त्याच्या वरच्या पट्ट्यातच असते. संगीताच्या दृष्टीने जो दोष, तोच भाषणाच्या दृष्टीने गुण ठरला. भोंगा हा शब्द पुढे तुच्छतेने वापरला जाऊ लागला त्यास कर्ण्यापेक्षा त्यामागील फाटक्या आवाजाचे वर्धक अधिक जबाबदार आहेत.

घरातील कर्ण्याची कथा निराळी आहे. संगीतास मंद्र स्वर हवेत आणि मंद्र स्वरांस जागा हवी. पन्नास हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर भरते. कर्ण्याच्या मुखाचा परीघही साधारण तेवढा असावा लागतो. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात यावर तोडगा काढला. कर्णा दुमडून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, की दोन भिंती आणि जमीन हाच त्याचा पुढील भाग होतो आणि मुख आठपट लहान चालते. सुमारे सव्वाचार फूट उंचीचा हा ध्वनिक्षेपक एका वॅटमध्ये एक मीटरवर सुमारे १०४ डेसिबल ध्वनी देतो. सामान्य पेटी ८८ च्या आसपास देते. म्हणजे पेटीला जेथे चाळीस वॅट लागतील तेथे यास एक पुरतो. पडदा अत्यल्प हलत असल्याने विकृतीही कमी राहते. कर्ण्याची खरी थोरवी मोठ्या आवाजापेक्षा यात आहे.

अल्टेकचा ए-७ हा मूळचा चित्रपटगृहाचा. लांबून ऐकताना तो भव्य वाटतो, पण आठ-दहा फुटांवरून वरचा कर्णा आणि खालची पेटी वेगवेगळे ऐकू येतात. इंग्लंडमधील फॉइग्ट यांच्या परंपरेतील लाउदर एकाच पडद्यावर सर्व स्वर सोपवितो. त्यात कंठसंगीताची एकसंधता अप्रतिम, मंद्र स्वर मात्र तोकडे. ख्याल ऐकणाऱ्यास लाउदर आणि पखवाज ऐकणाऱ्यास क्लिप्श, असे थोडे धाडसाने म्हणता येईल.

एडगर विलचूर यांची बंदिस्त छोटी पेटी १९५४ मध्ये आली, ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि बहुतेक घरांतून कर्णा गेला. क्लिप्शच्या जोडीस एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे लागतात. सीताबर्डीच्या जुन्या घरांतील लांब दिवाणखान्यांत ते मिळू शकतात. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकांत एका कोपऱ्यात दार निघते आणि दुसऱ्यात कपाट.