कल्पित वाद्यवृंद आणि खरे गळे



इ. स. १९६९ सालीं अमेरिकेंतील 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकानें जें गाणें वर्षांतील पहिल्या क्रमांकाचें म्हणून नोंदविलें, तें गाणारा बँड या जगांत अस्तित्वांतच नव्हता. गाण्याचें नांव 'शुगर, शुगर', आणि बँडाचें नांव 'दि आर्चीज'. आर्ची हा १९४१ सालीं एका चित्रकथेंत जन्माला आलेला शाळकरी मुलगा. त्याच्या हातीं गिटार देऊन आणि मित्रमैत्रिणींना त्याच्या भोंवतीं उभें करून दूरचित्रवाणीच्या चित्रकारांनीं हा बँड कागदावर काढला होता. कागदावरचीं माणसें गात नाहींत हें लहान मुलालाहि समजतें. मग तबकडींतून येणारा आवाज कोणाचा, आणि त्या गायकाचें नांव तबकडीवर कां नव्हतें? कल्पित वाद्यवृंदांचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे वारंवार याच प्रश्नापाशीं यावें लागतें, आणि त्याचा संबंध आपल्या बोलपटांशींहि आहे.

या कथेचा आरंभ थोडा आधींचा आहे. १९६४ सालीं बीटल्स या इंग्रज चौकडीचा 'ए हार्ड डेज नाइट' हा चित्रपट गाजला. तशीच एक चौकडी दूरचित्रवाणीसाठीं मुद्दाम बनवावी, असें बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर या अमेरिकन निर्मात्यांनीं ठरविलें. १९६५ च्या सप्टेंबरांत त्यांनीं हॉलिवुडच्या व्यवसायपत्रांतून जाहिरात दिली; चारशेंहून अधिक तरुण नशीब अजमावण्यास आले. शेवटीं डेव्ही जोन्स, मिकी डोलेन्झ, मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क यांची निवड झाली. पहिले दोघे नट, दुसरे दोघे वादक. १२ सप्टेंबर १९६६ रोजीं 'दि मंकीज' ही मालिका सुरू झाली. मालिकेंतला बँड कफल्लक आणि धडपड्या होता. प्रत्यक्षांत त्याच्या पहिल्या दोन्ही मोठ्या तबकड्या विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं पोहोंचल्या. परंतु त्यांत चौघांचे होते ते मुख्यतः गळे. वाद्यें बहुतेक रोजावर बोलाविलेल्या वादकांनीं वाजविलीं होतीं, आणि गाणीं कोणतीं घ्यावयाचीं हें संगीताचा कारभारी डॉन कर्शनर ठरवीत असे. दुसरी तबकडी तर या चौघांना पत्ता न लागतां बाजारांत आली.

तेव्हां चौकडीचा संयम सुटला. आपल्या तबकड्यांवरील वाद्यें आपण वाजविलेलीं नाहींत, हें नेस्मिथनें वार्ताहरांजवळ उघड केलें. १९६७ च्या जानेवारींतल्या एका बैठकींत त्याला कराराची आठवण देण्यांत येतांच त्यानें भिंतीवर ठोसा हाणला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढच्याच महिन्यांत कर्शनरला जावें लागलें. मे महिन्यांत निघालेल्या 'हेडक्वार्टर्स' या तबकडींतील गाणें आणि वाजविणें बहुतांशीं त्या चौघांचेंच होतें. ती एक आठवडा पहिल्या क्रमांकावर राहिली आणि मग बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नें तिची जागा घेतली. नाटकांत राजा झालेल्या नटानें पडदा पडल्यावरहि मुकुट उतरविण्याचें नाकारावें, आणि खरोखरच राज्य चालवून दाखवावें, तसा हा प्रकार झाला.

कर्शनरनेंहि आपल्यापरी धडा घेतला. पुढच्या वर्षीं, म्हणजे १९६८ च्या सप्टेंबरांत, आर्चीची चित्रमालिका सुरू झाली आणि तिच्या संगीताचा कारभार त्याच्या हातीं आला. चित्रें कराराविषयीं वाद घालीत नाहींत! 'शुगर, शुगर' हें गाणें जेफ बॅरी आणि अँडी किम यांनीं रचलें. मुख्य आवाज रॉन डान्टे याचा, आणि साथीस टोनी वाइन हिचा. अमेरिकेंत चार आठवडे व ब्रिटनमध्यें आठ आठवडे तें पहिल्या क्रमांकावर होतें. गाणें घरोघर पोहोंचलें. गायक मात्र अनोळखी राहिला.

आतां आपल्या घराकडे वळूं. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यापासून आपल्या पडद्यावरचा गाणारा बँड बहुधा अर्धा कल्पितच असतो. राजा नवाथे यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'गुमनाम' या १९६५ सालच्या चित्रपटांतील क्लबांतलें नृत्यगीत आठवावें. तेथें टेड लायन्स आणि त्याचे साथीदार हा खराखुरा बँड दिसतो, ओठ हर्मन बेंजामिन या नर्तकाचे हालतात, आणि आवाज असतो महंमद रफी यांचा. मुंबईच्या चित्रसंगीतांत स्वरमेळ रचणारे व वाजविणारे अनेक कलावंत गोमंतकीय होते. त्यांचीं नांवें पडद्यावर क्वचितच आलीं. त्यांपैकीं अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्यें एका कल्पित नायकाला त्यांचेंच नांव मिळालें. शिष्याकडून गुरूला पोहोंचलेली ही दक्षिणाच म्हणावयाची.

परंतु या सर्वांहून बोलकें उदाहरण १९४९ सालचें आहे. बॉम्बे टॉकीजचा 'महल' प्रसिद्ध झाला आणि खेमचंद प्रकाश यांनीं स्वरबद्ध केलेलें त्यांतील एक गाणें सर्वतोमुखीं झालें. तबकडीवर गायिकेचें नांव छापलें होतें 'कामिनी'. कामिनी हें तर मधुबालेनें वठविलेल्या पात्राचें नांव! म्हणजे अमेरिकेंत आर्चीज गाऊं लागण्याच्या जवळजवळ वीस वर्षें आधीं आपल्याकडे एक कल्पित गायिका लोकप्रिय झाली होती. पण आपले श्रोते तेवढ्यावर थांबले नाहींत. हें गातें कोण, अशी विचारणा नभोवाणीकडे होऊं लागली, आणि लता मंगेशकर हें नांव लोकांना कळलें. त्या वेळीं त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. पुढें १९५९ सालीं 'फिल्मफेअर'नें पार्श्वगायनाचें पारितोषिक प्रथमच ठेवलें, तेंहि त्यांनाच मिळालें.

सोंगाला माझी हरकत नाहीं. कोंकणांतल्या दशावतारांत राक्षसाच्या मुखवट्यामागें कोण आहे हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें. त्यामुळें खेळाची गोडी उणावत नाहीं, उलट वाढते. आर्चीच्या हातीं गिटार शोभते, ती खुशाल असूं द्यावी. मात्र शेजारीं डान्टेचें नांव असतें तर गाण्याचें माधुर्य तिळभरहि कमी झालें नसतें. मंकीजनीं आपलें नांव भांडून मिळविलें, आणि त्यांतील तेव्हां हयात असलेल्या दोघांनीं २०२१ च्या नोव्हेंबरापर्यंत, मालिका सुरू झाल्यापासून पंचावन्न वर्षांनीं, त्याच नांवानें कार्यक्रम केले. ज्यांना भांडतां आलें नाहीं अशा कितीतरी वादकांसाठीं विचारणारे दुसरे कोणी तरी हवे असतात. १९४९ सालीं तें काम श्रोत्यांनीं केलें होतें. गाणें संपल्यावर "हें गाणारा कोण, वाजविणारा कोण?" असें विचारण्याची ती संवय आपण सोडूं नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.