झडती व जप्तीपासून संरक्षण, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संविधानातील चौथ्या दुरुस्तीने (१७९१) दिलेला मूलभूत हक्क. ब्रिटिश अमदानीत जकात अधिकारी सरसकट परवान्यांच्या बळावर घरांत व वखारींत शिरत असत. त्या जुलमाच्या स्मृतीतून जन्मलेल्या या दुरुस्तीने गैरवाजवी झडती व जप्ती निषिद्ध ठरवून, सबळ कारण शपथेवर नमूद केल्याखेरीज आणि स्थळ व वस्तू निर्दिष्ट केल्याखेरीज वॉरंट निघू नये, असा दंडक घातला. हे संरक्षण स्थळाला नसून व्यक्तीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅट्झ खटल्यात (१९६७) सांगितले. तथापि दूरध्वनी कंपनीला आपण होऊन कळविलेल्या क्रमांकांना ते लागू नाही, असे स्मिथ खटल्यात (१९७९) ठरले. मोबाइलच्या युगात हा भेद अपुरा पडला. अटकेतील इसमाचा फोन तपासण्यास रायली खटल्यात (२०१४) एकमताने, आणि कंपनीकडील त्याच्या ठावठिकाण्याच्या दीर्घ मुदतीच्या नोंदी मिळविण्यास कार्पेंटर खटल्यात (२०१८) ५ विरुद्ध ४ मतांनी, आणीबाणीचे प्रसंग वगळता वॉरंट आवश्यक ठरले. मनुष्याच्या संचाराच्या अखंड नोंदीतून त्याच्या श्रद्धा, स्नेहसंबंध व राजकीय मतेही उघड होत असल्याने, हे निर्णय व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहेत. अशी माहिती सरकारने खासगी दलालांकडून विकत घ्यावी काय, हा प्रश्न मात्र वादग्रस्त राहिला आहे.