रानांतला तेरडा



फुलांच्या दुकानांत हल्लीं ‘कार्नेशन’ नांवाचें, पाकळ्यांस कातरलेली झालर असलेलें फूल सर्रास दिसतें. ज्या कुळांतलें हें फूल, त्यास इंग्रजींत ‘पिंक’ म्हणतात. आणि मौज अशी कीं, त्या भाषेंत रंगाला नांव मिळालें तें या फुलावरून, जसें आपल्याकडे गुलाबावरून गुलाबी. युरोपांतील डोंगरउतारांवर उगवणारीं हीं रानफुलें तेथील लोकांनीं पारखलीं, निवडलीं व अंगणांत आणून वाढविलीं. आपल्या सह्याद्रींत रानटी पिंक उगवत नाहीं. परंतु आपल्याच डोंगरांतील एका गुलाबी फुलानें असाच प्रवास केला, आणि तोही थेट सातासमुद्रांपलीकडे. तें फूल म्हणजे तेरडा.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असें म्हणून आपण त्याची बोळवण करतों. मला ही म्हण या झाडावर अन्याय करणारी वाटते. एक फूल लौकर गळतें हें खरें. पण झाड आठवडेच्या आठवडे फुलत राहतें. सोळाव्या शतकांतच तेरडा युरोपांतील बागांत पोंचला होता. १७५३ सालीं लिनियस या स्वीडिश पंडितानें त्याचें शास्त्रीय नांव ठेवलें, ‘इम्पेशन्स बाल्समिना’. इम्पेशन्स म्हणजे अधीर. पिकलेल्या बोंडास बोट लागतांच तें तडकतें, त्याच्या साली गुंडाळल्या जातात आणि बिया चहूंकडे उडतात. हा खेळ आमच्या शाळेंतील मुलांना लिनियसच्या आधींपासून ठाऊक असावा! पुढें तिकडील माळ्यांनीं निवड करून दुहेरी, गुलाबासारख्या भरगच्च फुलांच्या जाती तयार केल्या, आणि त्यांचें बी रंगीत पाकिटांतून आपल्याकडे विकावयास आलें. पूर्वेकडे कोरिया व जपान या देशांत मुली याच फुलांनीं नखें रंगवीत. आपल्या उत्तर हिंदुस्थानांत याला गुलमेहंदी म्हणतात, तें उगाच नव्हे.

महाराष्ट्रांत या वनस्पतींची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकांत झाली. पुण्याजवळ दापोडीस १८२८ मध्यें सरकारी वनस्पतिबाग निघाली; १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक होते. त्यांनीं एका देशी चित्रकाराकडून झाडांचीं सुरेख चित्रें काढविलीं. चित्रें आजही जपलेलीं आहेत, चित्रकाराचें नांव मात्र कोणी टिपून ठेवलें नाहीं. १८३९ त ग्रॅहॅम यांची वनस्पतींची यादी निघाली, १८६१ त डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ, आणि १९०१ ते १९०८ या काळांत थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा मोठा ग्रंथ. डाल्झेल आणि लॉ या दोघां साहेबांचीं नांवें तर तेरड्याच्या दोन जातींनाच चिकटलीं आहेत.

तेरड्याची ओळख जिवंत झाडावरूनच करावी. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ हूकर यांनीं १९११ सालीं निधन होईपर्यंत, नव्वदी उलटल्यावरही, याच कुळाचा अभ्यास केला. कागदांत दाबून वाळविलेल्या या नाजूक फुलांचा आकार उलगडतां उलगडत नाहीं, ही त्यांचीही अडचण होती. साध्या तेरड्याचें खोड रसाळ, पानें लांबट, कडेस दातेरी व एकाआड एक. फुलाच्या मागें बारीक, वळलेली सोंड असते. तींत मध असतो. बोंडावर मऊ लव असते. पानें समोरासमोर जोडीनें असतील तर ती दुसरी जात. फूल पिवळें असेल तर तो डाल्झेलचा तेरडा. ओल्या कातळावर, खोडाशिवाय, पानें जमिनीलगत आणि फुलांचा दांडा तेवढा वर आलेला दिसला, तर ती आणखी निराळी.

येथें एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. साताऱ्याजवळील कासचें पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. तेथें भाद्रपदाच्या सुमारास जे जांभळट-गुलाबी गालिचे पसरतात, त्यांत लॉ साहेबांच्या नांवाचा तेरडा असतो. तो पाहून घरीं न्यावा असें वाटणें स्वाभाविक आहे. नेऊं नये. जांभ्या दगडावरील वीतभर मातीच्याही आंतला तो रहिवासी. कुंडींतील खतावलेली माती त्याला मानवत नाहीं, आणि उपटलेलें प्रत्येक रोप पुढच्या वर्षाच्या बियांसह जातें. बागेसाठीं साधा तेरडा घ्यावा, तोही रोप न उपटतां मूठभर बी आणून.

आमचें विंचूर घाटमाथ्यापासून दूर, निफाड तालुक्यांतील काळ्या मातीचें गांव. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस येथें कोठला! तरी तेरडा येथें उत्तम होतो. काळ्या मातींत वाळू व शेणखत मिसळावें, कारण पाणी सांचलें कीं रसाळ खोड बुडाशीं कुजतें. मृगांत बी पेरलें कीं आठ-दहा दिवसांत उगवतें. रोपें वीतभर अंतरावर विरळ करावीं. पहांटेचें ऊन व दुपारची सावली त्याला आवडते. पानांवर पांढरी भुरी दिसल्यास द्राक्षबागाइतदारांनीं घाबरूं नये. ती द्राक्षावरची बुरशी नव्हे, पण रोगट पानें काढून टाकावींत. दुहेरी फुलांना बी कमी धरतें, म्हणून बियांसाठीं एकेरी झाडें राखावींत.

सुमारें दोन महिन्यांनीं, म्हणजे ज्येष्ठागौरींच्या बेतास, फुलें येतात. कोंकणांत अनेक घरीं तेरड्याचीं रोपें मुळांसकट आणून त्यांची गौर मांडतात. हीं रोपें परसांत वाढविलेलीं असलीं तर डोंगरही उघडा पडत नाहीं आणि सणही साजरा होतो. आश्विनांत बोंडें पिवळट झालीं कीं कापडाची पिशवी त्यांवर बांधून ठेवावी. नाहीं तर बिया तुमच्या हातीं लागण्यापूर्वींच शेजाऱ्याच्या अंगणांत जाऊन पडतील.