जेलब्रेकिंग व रूटिंग : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

फोन बनवणाऱ्या कंपनीने घातलेली बंधने तोडून कार्यप्रणालीचा संपूर्ण ताबा मिळवण्याची क्रिया. आयफोनवर तिला जेलब्रेकिंग आणि अँड्रॉइडवर रूटिंग म्हणतात. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव व रिसोड या सहाही तालुक्यांत बेताच्या किमतीचे अँड्रॉइड फोनच जास्त. त्यामुळे इथला प्रश्न मुख्यतः रूटिंगचा आहे. दुरुस्तीच्या दुकानात मात्र सगळ्यालाच ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. त्यात कंपनीचीच प्रणाली पुन्हा भरणे, विसरलेला पॅटर्न काढणे आणि खरे रूटिंग हे तिन्ही येते. गिऱ्हाइकाने आपल्या फोनचे यांतले नेमके काय झाले ते विचारून घेतलेले बरे.

पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला आणि काही आठवड्यांतच त्याची बंधने तुटली. जे फ्रीमन यांनी २००८ मध्ये काढलेले ‘सिडिया’ हे ॲपलच्या परवानगीबाहेरचे ॲप-दालन बराच काळ या चळवळीचे केंद्र राहिले. २०१९ मध्ये उघड झालेली ‘चेकएमएट’ ही त्रुटी चिपमध्येच कोरलेली असल्याने आयफोन १० पर्यंतच्या अनेक फोनमधून ती कोणत्याही अपडेटने निघत नाही. अँड्रॉइडवर २०१६ पासून जॉन वू यांचे ‘मॅजिस्क’ हे साधन रूढ आहे. ते मूळ प्रणालीच्या फाइलींना हात न लावता फोन सुरू होतानाच आपला ताबा बसवते.

अँड्रॉइडवर पहिली पायरी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, उघडण्याची. हे करताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. शाओमीच्या अनेक फोनवर त्यासाठी आधी अर्ज करून सात दिवस थांबावे लागते. सॅमसंगच्या फोनमध्ये परकी प्रणाली भरली की चिपमधला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. मग मूळ प्रणाली परत भरली तरी त्या फोनचे सुरक्षित कप्पे पुन्हा उघडत नाहीत.

फायदे खरे आहेत, पण त्यांची यादी वर्षागणिक आखूड होत आली. प्रत्येक ॲपची परवानगी वेगळी नाकारण्याची सोय २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये मिळाली, गडद पडदा २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये आला. नको असलेली कंपनीची ॲप्स संगणकाला केबल लावून रूटशिवायही बंद करता येतात. आज उरलेला मोठा लाभ जुन्या फोनला आयुष्य देण्याचा आहे. कंपनीने अपडेट थांबवलेल्या फोनवर लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली बसली, तर नव्या आवृत्तीची ॲप्स त्यावर चालू लागतात. याला केवळ बूटलोडर उघडावा लागतो, रूट करण्याची सक्ती नाही. दुकानांत या दोन गोष्टी सर्रास एक समजल्या जातात.

अशा उपायाची गरज शासकीय कामातही दिसली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी दोन जीबी रॅमचे, तापणारे व अडकणारे शासकीय मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. हलकी प्रणाली अशा फोनला मानवली असती. पण फोन सेविकांच्या मालकीचे नव्हते, म्हणून तो मार्ग त्यांना खुला नव्हता.

धोक्याचे पारडे वाशीमसारख्या जिल्ह्यात जड होते ते फोनवर काय काय येऊन बसले आहे त्यामुळे. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची आहे : बांधावर उभे राहून, जागेच्या खुणेसह सोयाबीनचा किंवा तुरीचा फोटो काढून. २०२३ पासून पीएम-किसानची ई-केवायसी चेहरा दाखवूनही करता येते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी या योजनेचा अठरावा हप्ता पंतप्रधानांनी वाशीममधूनच सोडला. पैसे बँकेत आणि बँक फोनवर, अशी ही साखळी आहे. रूट केलेला फोन खोटी जागा सांगू शकतो, ॲपच्या आतले गुपित वाचू शकतो. म्हणून बँकांची, यूपीआयची आणि ओळख पटवणारी अनेक ॲप्स गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणीतून फोनची पत पाहतात आणि नापास झाला तर उघडत नाहीत. मॅजिस्क वापरणारे त्यावर तोड काढतात, गूगल ती बुजवते. काल चाललेले पैशाचे ॲप आज चालेल याची शाश्वती नाही. हौशी माणूस दुसरा फोन काढतो. घरात एकच फोन असलेल्याचे काम थांबते.

चोरीची भीतीही मोजावी लागते. २०१५ मध्ये ‘कीरेडर’ या घातक प्रोग्रामने जेलब्रेक केलेल्या आयफोनमधून सव्वादोन लाख ॲपल खाती चोरली. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या बनावट ‘पीएम किसान’ एपीके फाइलींना रूटची गरज नसते. एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की त्यांचे भागते. मात्र रूट झालेल्या फोनवर अशा फाइलीला मुळाचा हक्क मिळाला, तर ती फोन पूर्ववत केल्यानंतरही टिकून राहू शकते. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

हप्त्यावर घेतलेल्या फोनचे प्रकरण निराळे. हप्ता थकला की काही कर्जदात्यांचे ॲप पडदा बंद करते, आणि ते काढण्यासाठी फोन दुकानात येतो. हा करारभंग ठरू शकतो, आणि कर्ज काही फिटत नाही. भारतात स्वतःच्या फोनचे रूटिंग गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५-अ हे डिजिटल कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडण्याला लागू होते. फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक बदलणे मात्र कोणत्याही हेतूने क्षम्य नाही : दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘रूट करून आयएमईआयही बदलून देतो’ म्हणणाऱ्या दुकानातून उठून यावे.

जुना फोन विकत घेताना तो बंद करून समोर चालू करायला लावावा. बूटलोडर उघडा असेल तर बहुतेक फोनवर कंपनीच्या चिन्हाआधी वा त्यासोबत इशाऱ्याची ओळ किंवा उघड्या कुलपाचे चित्र येते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली फोन प्रमाणित आहे की नाही तेही लिहिलेले असते. पैसे देण्याआधी आपले बँकेचे ॲप त्यात उतरवून एकदा उघडून पाहावे.