हिमाने राखलेली छायाचित्रे

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि अवघ्या सत्तावीस वर्षांत ती हिमालयातील साडेअठरा हजार फुटांवरच्या बर्फापर्यंत जाऊन पोहोचली. वस्तुतः हिम आणि ही कला यांचे स्वभावतःच वैर. तिला हवी प्रवाही रसायने, वाहते पाणी आणि बोटांची चपळाई. हिमात या तिन्ही गोष्टी गोठतात. परंतु ज्या थंडीने छायाचित्रकाराला छळले, तिनेच त्याच्या पश्चात त्याची चित्रे सांभाळली, असेही इतिहासात घडले आहे. या वैराची आणि या सांभाळाची हकीकत एकत्र पाहिली, तर चित्र टिकते कशाने आणि बोलते कशाने, या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो.

प्रारंभ आपल्याच देशापासून करू. सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या एका बँकेतील नोकरी सोडून १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सिमल्यास राहून त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. १८६६ च्या तिसऱ्या सफरीत तो कुलू, लाहूल, स्पिती असा प्रवास करीत मणिरंग खिंडीवर पोहोचला. खिंडीची उंची त्याने १८,६०० फूट अशी नोंदवली आहे. तेथे त्याने छायाचित्रे घेतली; पुढील सुमारे वीस वर्षांत त्याहून उंच जागी कोणी छायाचित्र घेतले नाही, असे मानले जाते.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे काय होते, हे आज सांगितल्याशिवाय कळायचे नाही. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियनचा चिकट द्राव समान ओतायचा, ती काच अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वी पुन्हा तंबूत नेऊन तिच्यावरचे चित्र उठवायचे. नंतर ती भरपूर पाण्याने धुवायची. म्हणजे प्रयोगशाळाच पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. बर्फात या प्रत्येक पायरीला विघ्न. रसायने थंडीने मंदावत. धुण्याचे पाणी गोठे, म्हणून बर्फ वितळवून घ्यावे लागे. आणि तंबूत उघड्या हातांनी काम करताना बोटे बधिर होत. त्यात ही काच निळ्या प्रकाशाला फार लवकर भुले. बर्फ आणि आकाश दोन्ही तिच्यावर एकसारखी पांढरी उमटत आणि मधला काळा कडा तपशिलाविना काळाच राही. ढग बाजूला होईपर्यंत कुडकुडत थांबायचे, आणि एवढे करून काच तडकली तर सारेच व्यर्थ.

या प्रयोगशाळेचे ओझे बोर्नने वाहिले नाही. ते पहाडी हमालांनी वाहिले. हमाल ओझी टाकून निघून जातात, अशी तक्रार बोर्नने इंग्लंडमधील छायाचित्रणविषयक नियतकालिकात छापलेल्या प्रवासवृत्तात केली आहे. हिमाच्या खिंडीत परक्याच्या काचा वाहण्यासाठी माणसाने का थांबावे, हा प्रश्न मात्र त्याला पडलेला दिसत नाही. बोर्नचे नाव कलेच्या इतिहासात कायम झाले. ज्यांच्या पाठीवरून त्या काचा वर गेल्या, त्यांची नावे गेली.

बोर्न ज्या व्यवसायाचा भागीदार होता, तो 'बोर्न अँड शेफर्ड' स्टुडिओ कलकत्त्यात दीर्घकाळ चालला. १९९१ च्या आगीत त्याचा जुना संग्रह मोठ्या प्रमाणात जळाला आणि २०१६ मध्ये स्टुडिओच बंद झाला. हिमातून सुखरूप उतरलेल्या कलेच्या वारशाचे घर शहरात जळाले! तरीही बोर्नचे हिमालय आज पाहता येतात. कारण त्याच्या चित्रांचे कागदी ठसे तेव्हाच विकले जाऊन देशोदेशींच्या अल्बमांत आणि ग्रंथालयांत पसरले होते. एका ठिकाणी नष्ट झाले ते दहा ठिकाणी उरले.

आता थंडीने केलेल्या सांभाळाची हकीकत. ११ जुलै १८९७ रोजी स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून तीन स्वीडिश माणसे हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाली: अभियंता सालोमन आंद्रे, क्नूट फ्रेंकेल आणि चोवीस वर्षांचा निल्स स्ट्रिंडबर्ग. स्ट्रिंडबर्ग हा मोहिमेचा छायाचित्रकार. तीन दिवसांत फुगा तरंगत्या बर्फावर उतरला आणि पुन्हा उठला नाही. नंतर तिघांनी घसरगाड्या ओढीत दक्षिणेकडे चालायला सुरुवात केली. पायाखालचा बर्फच सागरप्रवाहाबरोबर सरकत होता. एका दिशेला चालावे आणि बर्फाने दुसरीकडे न्यावे, असे आठवडेच्या आठवडे चालले. ऑक्टोबरच्या आरंभी ते क्वितया नावाच्या निर्जन बेटाला लागले. तेथेच तिघांचा शेवट झाला. कशाने, याविषयी आजही अभ्यासकांचे एकमत नाही.

जगाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तेहतीस वर्षे तीन माणसे आणि एक फुगा आकाशात नाहीसा झाला, एवढेच लोक जाणत होते. ऑगस्ट १९३० मध्ये एका नॉर्वेजियन जहाजावरील मंडळींना उघड्या पडलेल्या बर्फात त्यांचा तळ सापडला. आंद्रेच्या अंगावर त्याची रोजनिशी होती आणि सामानात प्रकाश दिलेल्या, परंतु न धुतलेल्या फिल्म होत्या. स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने त्या ओलसर फिल्म अत्यंत सावकाश हाताळल्या. सुमारे २४० चित्रांपैकी ९३ वाचली.

त्यांतले एक चित्र जगभर गेले. कोसळलेला फुगा बर्फावर एका कुशीवर पडला आहे आणि आंद्रे व फ्रेंकेल त्याच्याकडे पाहत उभे आहेत. चित्राभोवती डाग आहेत, कडा खाल्ल्या गेल्या आहेत, पण दोन माणसांच्या उभे राहण्यातला विमनस्कपणा जसाच्या तसा आहे. पाहणाऱ्याच्या मनात प्रथम येते ते हे, की तिसरा माणूस दिसत नाही, कारण तो कॅमेऱ्यामागे आहे. सारे संपल्यासारखे असताना त्याने कॅमेरा नीट मांडला आणि आपले काम केले. पुढे सामान कमी करण्याची वेळ आली, तरीही प्रकाश दिलेल्या फिल्म मागे टाकल्या गेल्या नाहीत. स्ट्रिंडबर्गची वाग्दत्त वधू १९३० मध्ये हयात होती. ती चित्रे बाहेर आली, तेव्हा तिच्या प्रतीक्षेलाही तेहतीस वर्षे झाली होती.

असाच प्रकार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडला. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा व्यावसायिक छायाचित्रकार होता. थंडीत कॅमेऱ्याच्या धातूला आपली जीभ चिकटून तिची साल निघाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. बाहेरचा कॅमेरा उबदार खोलीत आणताच त्यावर बाष्प जमे आणि पुन्हा बाहेर नेताच त्याचे बर्फ होई. पाँटिंग ध्रुवापर्यंत गेला नाही. त्याने सहकाऱ्यांना ही विद्या शिकवली. १७ जानेवारी १९१२ रोजी पाच जण ध्रुवावर पोहोचले, तेव्हा अमुंडसेन महिनाभर आधीच येऊन गेल्याचे त्यांना कळले. दुसऱ्या दिवशी पाचही जण एका चित्रात आले. बॉवर्सने कॅमेऱ्याला दोरी बांधून ती बसल्या जागेवरून ओढली होती. परतीच्या वाटेत पाचही जण मृत्यू पावले. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला स्कॉटचा तंबू सापडला, त्यात ती फिल्मही होती. ती तळावर धुतली गेली आणि पाच थकलेले, पराभूत चेहरे जगासमोर आले.

थंडी हे काम कसे करते? फिल्मवर प्रकाश पडला की डोळ्यांना न दिसणारे एक सुप्त चित्र तयार होते. उष्णता आणि दमटपणा त्याला हळूहळू पुसतात. थंडीत ही झीज अतिशय मंदावते. मात्र बर्फ वितळून त्याचे पाणी झाले की तेच घातक ठरते. म्हणजे हिम हे भांडार खरे, पण त्याचे कुलूप उघडणारा हात जपून वागणारा हवा.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. क्वितया बेटावरची चित्रे आपल्याशी बोलतात, कारण त्यांच्याबरोबर रोजनिशी सापडली. कोण, कोठे, कोणत्या दिवशी, हे तिने सांगितले. मणिरंगावर काचा वाहणारे हमाल मात्र मुकेच राहिले, कारण त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हिमाला चित्र राखता येते. नाव माणसानेच लिहावे लागते.

आपल्या घराण्यांच्या वाट्याला असे हिम आलेले नाही. १८७४ च्या सुमारास इंदुरात लाला दीनदयाळांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादेत निजामांचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत, तो अपवाद. एरवी माळव्याचा उन्हाळा आणि गोव्या-बेळगावचा पावसाळा जुन्या छायाचित्रांवर दया करीत नाही. ट्रंकेतल्या अल्बमाला बुरशी लागते, पाने एकमेकांना चिकटतात. आणि चेहरा ओळखणारी शेवटची आजी गेली की पागोटेधारी पूर्वज 'कोणीतरी जुने' होऊन बसतात.

उपाय मात्र या इतिहासातच आहेत. बोर्नची चित्रे पसरली म्हणून वाचली. आपली कुळेही ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर, हैदराबाद अशी पसरलेलीच आहेत. एका घरातील चित्राची प्रत चार शाखांत गेली, तर एका घराची वाळवी अख्ख्या कुळाची स्मृती खाऊ शकणार नाही. आणि चित्रामागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव व साल लिहिले, तर ती त्या चित्राची रोजनिशी होईल. मरणाच्या वाटेवर स्ट्रिंडबर्गने फिल्मचे ओझे टाकले नाही. आपल्याला तर फक्त ट्रंक उघडायची आहे, आणि नावे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच ती उघडायला हवी.