मायकेलअँजेलो : छिन्नी आणि लेखणी

मायकेलअँजेलो बुओनारोती (१४७५-१५६४) हे शिल्पकार व चित्रकार म्हणून आपणां सर्वांस परिचित आहेत. त्यांनी सुमारे ३०० कविता लिहिल्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. या कविता बाजूला ठेवून त्यांच्या कलेचा अभ्यास करू नये, असे आम्हांस वाटते.

सिस्टीन चॅपेलचे छत (१५०८-१५१२) रंगविताना झालेल्या हालांवर त्यांनी मित्रासाठी एक विनोदी सुनीत रचले. कडेला वर हात करून रंगविणारी आकृती रेखाटली, आणि आपण चित्रकार नव्हेच, अशी तक्रारही केली!

उतारवयातील सूर निराळा आहे. १५५४ च्या सुमारास लिहिलेल्या सुनीतात ते कबूल करतात, की कला आता आत्म्यास शांती देत नाही. ती क्रूसावरील प्रेमातच आहे. हे वाचून मग त्यांची तीन 'पिएता' शिल्पे पाहावीत. संत पेत्राच्या महामंदिरातील पहिली त्यांनी पंचविशीच्या आसपास घडविली व तीवर आपले नाव कोरले. फ्लॉरेन्समधील दुसरी स्वतःच्या थडग्यासाठी योजिली होती. तीत येशूचा देह सावरणाऱ्या वृद्धाचा चेहरा त्यांचा स्वतःचा मानला जातो. ती त्यांनीच पुढे फोडली. मिलानमधील तिसरीवर ते मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत काम करीत होते. तीत पहिलीचे सौष्ठव उरलेले नाही. माता व पुत्र जणू एकाच देहात मिसळले आहेत.

अभ्यासकांनी एक सावधगिरी बाळगावी. पुतण्याच्या मुलाने १६२३ साली छापलेल्या आवृत्तीत कवितांचे शब्द बदललेले आहेत. मूळ हस्तलिखितांवरून सिद्ध केलेला पाठ चेझारे ग्वास्ती यांनी १८६३ साली प्रसिद्ध केला.